काम बाहेर गेले, पारख कुठे गेली? शैक्षणिक ग्रंथालयांतील आउटसोर्सिंगचा आढावा

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नवे पुस्तक आले की कपाटात जाईपर्यंत ते बऱ्याच हातांतून फिरते. बिलाशी ताडून पाहिले जाते, दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो, पहिल्या पानावर आणि ग्रंथालयाने ठरवलेल्या एका ‘गुप्त पाना’वर शिक्का बसतो. मग वर्गांक, कण्यावरचे लेबल, बारकोड, संगणकातली नोंद. तीसेक वर्षांपूर्वी हे सगळे हात त्याच ग्रंथालयाचे असत. फाटलेली पुस्तके तेवढी बाहेरच्या बाइंडरकडे जात. आज तेच पुस्तक पाहिले तर नोंद दुसऱ्याच कुठल्या ग्रंथालयाच्या तालिकेतून उतरवून घेतलेली असते, बारकोड पुरवठादाराने चिकटवून पाठवलेला असतो, सॉफ्टवेअर एका कंपनीचे, सर्व्हर दुसरीचा आणि शिक्का मारणारी मुलगी तिसऱ्याच एजन्सीच्या हजेरीपटावर असते.

सरकारी कागदांत याला ‘बाह्ययंत्रणेद्वारे सेवा घेणे’ म्हणतात. बोलताना सगळे आउटसोर्सिंगच म्हणतात. या एका शब्दाखाली निदान चार निरनिराळे व्यवहार येतात. ठरावीक काम ठरावीक मुदतीत बाहेरून करून घेणे हा पहिला. अनेक ग्रंथालयांनी मिळून एखाद्या सामायिक यंत्रणेवर काम सोपवणे हा दुसरा. जे पूर्वी विकत घेऊन ठेवत होतो ते भाड्याने घेणे हा तिसरा. आणि माणसेच एजन्सीमार्फत आणणे हा चौथा. वाद घालताना आपण हे चारही एका पोत्यात भरतो, त्यामुळे एक बाजू ‘खासगीकरण’ म्हणून ओरडते आणि दुसरी ‘काळाची गरज’ म्हणून मान डोलावते.

शेत वाट्याने दिले तरी मळणीच्या दिवशी मालक खळ्यावर हजर असतो. रास कशी मोजतात, दाणा कसा भरला आहे, हे त्याला कळते, म्हणून वाटा नीट पडतो. शेतीच विसरलेल्या मालकाला वाटेकरी जे देईल ते घ्यावे लागते. ग्रंथालयांचा गेल्या शंभर वर्षांचा अनुभव पाहिला तर बहुतेक यश-अपयशाच्या मुळाशी हीच गोष्ट सापडते.

जुनीच सवय

तालिकीकरणाचे काम बाहेरून घेणे ही संगणकयुगाची देणगी नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ साली आपली छापील तालिकापत्रे इतर ग्रंथालयांना विकायला सुरुवात केली. एकाच पुस्तकाची नोंद हजार ठिकाणी हजार जणांनी का करावी, हा साधा हिशोब त्यामागे होता. ही विक्री १९९७ पर्यंत चालली. १९६७ साली ओहायो राज्यातल्या महाविद्यालयांनी एकत्र येऊन ओसीएलसी ही संस्था काढली आणि १९७१ च्या ऑगस्टमध्ये ओहायो विद्यापीठाच्या ग्रंथालयातून संगणकावर सामायिक तालिकीकरण सुरू झाले. आज आपला ग्रंथपाल पडद्यावर एखादी तयार नोंद उतरवून घेतो, तेव्हा तो याच परंपरेत असतो.

पुस्तकांची निवडही अशीच हळूहळू बाहेर गेली. अमेरिकेत रिचर्ड एबल या पुस्तकविक्रेत्याने १९६० च्या दशकात ‘अॅप्रूव्हल प्लॅन’ रुजवला. ग्रंथालयाने आपले विषय, पातळी आणि भाषा एकदा कळवायची. विक्रेता त्या चौकटीत बसणारी नवी पुस्तके आपणहून पाठवणार. नको ती परत. मोठ्या विद्यापीठांना ही सोय इतकी मानवली की १९७४ च्या अखेरीस एबल यांची कंपनी बुडाली तरी पद्धत टिकली.

खरी खळबळ १९९३ साली उडाली. ओहायोतल्या डेटन शहराजवळच्या राइट स्टेट विद्यापीठाने आपला तालिकीकरण विभागच बंद केला आणि सगळे काम ओसीएलसीकडे दिले. तोवर जुनी थकबाकी, परकीय भाषांतली पुस्तके असे सुटे काम बाहेर जात असे. इथे अख्खा विभाग गेला. खर्च कमी होतो आणि सुटलेली माणसे वाचकांच्या सेवेला लावता येतात, ही बाजू मांडली गेली. ज्या ग्रंथालयात नोंद करणाराच नाही तिथे आलेली नोंद बरी की वाईट हे कोण ठरवणार, हा प्रश्न तेव्हापासून चर्चेत आहे.

त्यानंतर तीनच वर्षांनी हवाईत त्याचे टोक दिसले. तिथली ग्रंथालये सार्वजनिक होती, पण धडा सर्वांना लागू आहे. १९९६ साली हवाई राज्याने सगळ्या शाखांसाठी पुस्तके निवडण्याचे काम बेकर अँड टेलर या वितरकाला दिले आणि प्रत्येक पुस्तकाला सरसकट २०.९४ डॉलर असा दर ठरवला. पुस्तक महाग असो की स्वस्त, दर तोच. मग पुरवठादाराचा हात कुठल्या पुस्तकांकडे वळेल हे सांगायला ज्योतिषी नको. बेटावरच्या वाचकांना काय हवे ते ठाऊक असलेले ग्रंथपाल बाजूला पडले, स्वस्त आणि गैरलागू पुस्तकांच्या तक्रारी वाढल्या, आणि १९९७ मध्ये करार रद्द झाला. २००१ साली अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने भूमिका घेतली की सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या ग्रंथालयांची धोरणे आणि व्यवस्थापनावरची देखरेख नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांकडे जाऊ नये. कामे बाहेर देण्याला तिने सरसकट विरोध केला नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

आपल्याकडची सामायिक वाट

भारतात या गोष्टीचा सर्वांत यशस्वी भाग बाजारातून आलेला नाही. १९९१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांची ग्रंथालये जोडण्यासाठी इन्फ्लिबनेट हा प्रकल्प सुरू केला, तो पुण्याच्या आयुका या संस्थेच्या छत्राखाली. १९९६ मध्ये ते स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्र झाले आणि आज गांधीनगरहून चालते. ‘सोल’ हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर, प्रबंधांसाठी शोधगंगा, महाविद्यालयांना नाममात्र शुल्कात ई-नियतकालिके आणि ई-पुस्तके देणारी एन-लिस्ट योजना, ही सगळी कामे एकेका ग्रंथालयाने स्वतंत्रपणे केली असती तर निम्म्या ठिकाणी ती सुरूही झाली नसती. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या कला-वाणिज्य महाविद्यालयाला परदेशी प्रकाशकाशी वाटाघाट करणे कसे जमणार?

त्याचा पुढचा टप्पा म्हणजे ‘एक राष्ट्र एक वर्गणी’. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी तिला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक संस्था असा तिचा आवाका आहे. वाटाघाट एकाने करायची आणि लाभ सर्वांनी घ्यायचा. पण यातही निवडीचा अधिकार वर सरकतो. कुठले नियतकालिक आपल्या विभागाला लागते आणि कुठले कोणी उघडतही नाही, हे जाणणारा ग्रंथपाल केंद्राला ते कळवत राहिला तरच ही सामायिक खरेदी वाचकाच्या जवळ राहील.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत महाराष्ट्राला घरचाच पर्याय फार आधीपासून होता. पुण्याच्या अल्गोऱ्हिदम्सचे ‘स्लिम’ अनेक महाविद्यालयांत नांदले. आता ओढा ‘कोहा’कडे आहे. कोहाची जन्मकथा या विषयात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयाचे जुने सॉफ्टवेअर २००० साल उजाडताच कोलमडणार होते. ग्रंथालयाने कातिपो या छोट्या कंपनीकडून नवे लिहून घेतले. जानेवारी २००० मध्ये ते चालू झाले. म्हणजे काम बाहेरच दिले. पण तयार झालेले सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली जगाला खुले केले. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, तीही परतफेडीची जाणीव बाळगून दिलेली. आज त्या भेटीवर आपली शेकडो ग्रंथालये चालतात. मात्र ‘फुकट सॉफ्टवेअर’ या शब्दाने अनेक संस्थाचालकांची गफलत होते. सॉफ्टवेअर फुकट असले तरी ते बसवणारा, बॅकअप घेणारा आणि आवृत्ती बदलणारा माणूस लागतो. तो घरात नसेल तर वार्षिक देखभालीचा करार करावा लागतो, आणि त्या कराराचा मसुदा वाचून समजणारा माणूस तरी घरात लागतोच.

कै., रा. रा. आणि शके

आता एक काम जवळून पाहू. जुन्या संग्रहाच्या नोंदी संगणकात चढवण्याच्या कामाला ग्रंथालयात ‘रेट्रो’ म्हणतात. वीस हजार पुस्तकांच्या ग्रंथालयात एका माणसाने रोज चाळीस नोंदी धरल्या तरी पाचशे कामाचे दिवस, म्हणजे दोन वर्षे हवीत, आणि देवघेव सांभाळून दिवसाला चाळीस होत नाहीत. त्यामुळे हे काम बाहेर देण्यात काही गैर नाही. ठेकेदार नोंदीमागे दर लावतो, चार-पाच ऑपरेटर आणतो आणि उन्हाळी सुट्टीत काम उरकतो.

दर नोंदीमागे असल्यामुळे वेग हाच त्याचा नफा. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत फारसे बिघडत नाही, कारण नोंद तयार मिळते. मराठीच्या कपाटापाशी आले की गंमत सुरू होते. जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘शके १८१५’ असते. ऑपरेटर प्रकाशनवर्षाच्या रकान्यात १८१५ टाकतो, आणि १८९३ सालचे पुस्तक पेशवाई बुडण्याच्याही आधीचे होऊन बसते. लेखकाच्या नावामागचे ‘कै.’ हे त्याच्या नावाचे आद्याक्षर समजले जाते. ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री, हे ठाऊक नसले की विसाव्या शतकाच्या आरंभीचे डझनभर लेखक एकाच आद्याक्षरांचे सख्खे भाऊ होतात. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकर या नोंदी एकमेकींना ओळखत नाहीत, कारण त्यांना जोडणारी ‘पाहा’ नोंद करायला त्या दोन नावांमागे माणूस एकच आहे हे माहीत असावे लागते. रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ कादंबरी शेतीत आणि विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ पोलीस-प्रशासनात जाऊ शकते. मराठी साहित्याचा ८९१.४६ हा वर्गांक देण्यासाठी निदान मागचे वेष्टन वाचायला हवे.

लिपीचा घोळ वेगळाच. नोंद रोमन अक्षरांत करायची ठरली तर ‘ज्ञ’ कसा लिहायचा? आपला माणूस डी-एन-वाय-ए लिहितो, संस्कृतच्या वळणाचा जे-एन-ए, उत्तरेकडचा जी-वाय-ए. एकाच ग्रंथालयात तिघांनी काम केले असेल तर ज्ञानेश्वरी तीन ठिकाणी विखुरते आणि विद्यार्थ्याला एका ठिकाणची सापडते. नोंदी देवनागरीत केल्या असतील तर १९९० च्या दशकातल्या कामांत आणखी एक सुरुंग पेरलेला असतो. तेव्हा युनिकोड रुळलेले नव्हते. श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या साधनांनी मजकूर टाइप होत असे. सॉफ्टवेअर बदलले की अशा नोंदींच्या जागी अगम्य चिन्हे उरतात. ठेकेदार केव्हाच निघून गेलेला असतो, आणि करारात ‘मजकूर कुठल्या संकेतप्रणालीत द्यायचा’ ही ओळ कोणी घातलेली नसते.

मोठ्या प्रकल्पांनीही हीच ठेच खाल्ली आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियामुळे लाखो जुनी पुस्तके पडद्यावर आली, त्यांत मराठी पुस्तकेही पुष्कळ. संशोधकांवर या प्रकल्पाचे उपकार आहेत. पण ज्याने तिथे मराठी पुस्तक शोधले आहे त्याला तिरकी पाने, गाळलेली पाने आणि ओळखू न येणारी रोमन शीर्षके यांची सवय आहे. स्कॅनिंग हे यंत्राचे काम म्हणून बाहेर देता येते. समोरचे पुस्तक कोणते आहे हे लिहिणे तेवढे यांत्रिक नाही.

आगाऊ पैसे आणि भाड्याची कपाटे

ग्रंथालय जेव्हा खरेदीच मध्यस्थावर सोपवते तेव्हा धोका पैशाचा असतो. शेकडो नियतकालिकांची वर्गणी एकेका प्रकाशकाला भरण्यापेक्षा एका एजंटाला वर्षाच्या आरंभी एकगठ्ठा रक्कम देणे सोपे, म्हणून जगभर तीच रीत पडली. २००३ साली अमेरिकेतला फॅक्सन हा जुना एजंट, तेव्हा रोकॉम या नावाने चालणारा, दिवाळखोरीत गेला. ग्रंथालयांनी पैसे भरलेले होते, प्रकाशकांपर्यंत ते पोचलेले नव्हते. अनेक प्रकाशकांनी चांगुलपणाने अंक पाठवले म्हणून निभावले. अकरा वर्षांनी, सप्टेंबर २०१४ मध्ये, नेदरलँड्सचा स्वेट्स हा तितकाच मातबर एजंट बुडाला आणि तोच प्रसंग पुन्हा ओढवला. दोन्ही वेळा धडा एकच होता. एजंट कितीही मोठा असो, त्याची आर्थिक स्थिती तपासणे आणि रक्कम टप्प्यांनी देणे हे ग्रंथालयाचे काम आहे.

अलीकडे प्रश्न बदलला आहे. आता वस्तूच आपली नसते. ई-पुस्तक, माहितीसंच, शोधयंत्रणा, सारे वर्गणीवर मिळते. ग्रंथालयांना सॉफ्टवेअर पुरवणारी एक्स लिब्रिस २०१५ मध्ये प्रोक्वेस्टने घेतली आणि प्रोक्वेस्ट २०२१ मध्ये क्लॅरिव्हेटने. त्याच क्लॅरिव्हेटने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले की ग्रंथालयांना एकदाच पैसे देऊन कायमची पुस्तके घेण्याची सोय ती बंद करणार. ग्रंथालयांचा संताप पाहून मुदत पुढे ढकलली गेली, पण दिशा स्पष्ट झाली. कपाट भाड्याचे, पुस्तके भाड्याची, आणि भाडे थकले की दार बंद.

संस्थेचे स्वतःचे लेखन ठेवण्याची जागाही यातून सुटली नाही. बर्कलीच्या प्राध्यापकांनी १९९९ मध्ये काढलेल्या बीप्रेस या कंपनीवर शेकडो विद्यापीठांनी आपली संशोधन-भांडारे सोपवली होती. प्रकाशकांच्या मक्तेदारीला पर्याय म्हणून उभारलेली ही भांडारे. ऑगस्ट २०१७ मध्ये बीप्रेस एल्सव्हिअरने विकत घेतली, आणि ज्याच्यापासून पळत होतो त्याच्याच ओसरीवर आपला पसारा मांडलेला आहे, हे त्या विद्यापीठांना एका सकाळी कळले. काम कोणाला दिले याइतकेच, त्याने ते पुढे कोणाला विकले तर आपण बाहेर कसे पडणार, हेही आधी ठरवावे लागते.

मागचे दार

ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला. तालिका बंद, वाचकांच्या मागण्या बंद, कर्मचारी आणि वाचकांची माहिती चोरीला. जानेवारीत तालिका केवळ पाहण्यापुरती परत आली. मार्च २०२४ मध्ये त्या ग्रंथालयाने आपला अहवाल स्वतःहून प्रसिद्ध केला, हे त्याचे मोठेपण. अनधिकृत प्रवेश प्रथम जिथे आढळला तो सर्व्हर बाहेरच्या भागीदारांना आणि आतल्या तंत्रज्ञांना दूरवरून काम करता यावे म्हणून २०२० मध्ये बसवलेला होता, असे त्यात नोंदले आहे. बाहेरच्यांसाठी उघडलेल्या दारावर पुरेसे कुलूप नव्हते.

आपल्याकडे हे दार किती ठिकाणी उघडे आहे? ग्रंथालयाच्या संगणकात विद्यार्थ्याचे नाव, मोबाइल, पत्ता, छायाचित्र आणि त्याने काय वाचले याचा इतिहास असतो. देखभालीच्या कंपनीचा मुलगा घरबसल्या त्यात शिरतो आणि पासवर्ड बहुधा संगणकाच्या पडद्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ही माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. प्रक्रिया कंपनीकडे दिली म्हणून ती जबाबदारी कंपनीकडे जात नाही.

अकरा महिन्यांची माणसे

इथवरचे सगळे व्यवहार निदान निवडीचे होते. चौथा, माणसांचा, महाराष्ट्रात बहुतेक वेळा निवडीतून आलेला नाही. पदे रिक्त राहिली, भरतीला मान्यता मिळेना, आणि ग्रंथालय तर सकाळी उघडायचे आहे. मग परिचर, लिपिक, कुठे कुठे सहायक ग्रंथपालसुद्धा एजन्सीमार्फत येतात. ग्रंथपालाचे पदच रिकामे असेल तर कार्यभार एखाद्या प्राध्यापकाकडे जातो. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठातील ग्रंथालयाला ‘ज्ञानस्रोत केंद्र’ असे भारदस्त नाव दिले, पण नाव बदलल्याने खुर्चीत माणूस येत नाही.

एजन्सीमार्फत आलेल्या एखाद्या मुलीचा दिवस पाहा. ग्रंथालयशास्त्राची पदवी आहे. अकरा महिन्यांची नेमणूक, मग एक खंड, मग पुन्हा नवी ऑर्डर. पगार एजन्सीकडून, कधी पंधरा तारखेला, कधी पुढच्या महिन्यात. भविष्य निर्वाह निधी कापला जातो की नाही हे तिला विचारायची सोय नाही. तीन वर्षांत तिला पाठ झाले आहे की इतिहासाची जुनी नियतकालिके पोटमाळ्यावर आहेत, अमुक सरांना कोणते संदर्भ लागतात आणि कुठल्या कपाटाला वाळवी लागते. निविदा बदलली, नवी एजन्सी आली, तिची माणसे आली, आणि हे सगळे ज्ञान एका संध्याकाळी फाटकाबाहेर गेले. दाखल नोंदवहीत त्याची कुठेच नोंद नव्हती.

कायद्याची वाट इथे सरळ नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने बारमाही स्वरूपाच्या कामात कंत्राटी पद्धतीवर बंदी घालण्याची तरतूद ठेवली; हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला आहे. पण पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले की बंदी आली म्हणून कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाहीत. २००६ च्या उमादेवी निकालाने मागच्या दाराने झालेल्या नेमणुका कायम करण्याला लगाम घातला. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो खटल्यात याच न्यायालयाने, वर्षानुवर्षे नियमित काम करून घेतलेल्यांना हक्क नाकारण्यासाठी उमादेवीचा आधार घेणे आणि बाह्ययंत्रणेची ढाल पुढे करणे, यांवर कठोर शब्दांत बोट ठेवले. राजकीय पातळीवरही ही ठिणगी आपण पाहिली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासननिर्णय काढला; तरुण रस्त्यावर आले, आणि ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. शासननिर्णय गेला. रिक्त पदे जिथल्या तिथे राहिली, आणि एजन्सीची माणसेही.

द्यायचे काय, ठेवायचे काय

रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे आहे, वाचकाचा वेळ वाचवा. बाहेर दिलेल्या प्रत्येक कामाला हेच माप लावून पाहावे. बाइंडिंग, बारकोड, स्कॅनिंग, सर्व्हरची देखभाल, इंग्रजी पुस्तकांच्या तयार नोंदी ही कामे बाहेर गेल्याने ग्रंथपालाचे तास सुटतात. ते तास पहिल्या वर्षाच्या मुलांना संदर्भ शोधायला शिकवण्यात गेले तर व्यवहार फायद्याचा. ते नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली भरण्यात गेले, किंवा तास सुटले म्हणून पदच रद्द झाले, तर वाचकाच्या पदरात काही पडले नाही.

घरात ठेवायच्या गोष्टी थोड्या आहेत. कुठली पुस्तके घ्यायची, कुठली काढून टाकायची, मराठी आणि स्थानिक साहित्याची नोंद कशी करायची, लेखकनामांची प्रमाण यादी, वाचकाशी बोलणे आणि बाहेरून आलेले काम तपासणे. यांतले शेवटचे काम सुटले की आधीची सगळी हळूहळू सुटतात.

तपासणीला मोठे तंत्र लागत नाही. ठेकेदाराच्या प्रत्येक शंभर नोंदींतल्या दहा कपाटातून पुस्तक काढून ताडाव्यात, त्यातल्या निम्म्या मराठीच्या. ठरलेल्यापेक्षा जास्त चुका निघाल्या तर शंभरही परत. शेवटचा हप्ता तपासणी संपल्यावर द्यावा. मजकूर युनिकोडमध्ये आणि नोंदी मार्क २१ या प्रमाण स्वरूपात हव्यात, ही अट निविदेतच असावी. दर महिन्याची संपूर्ण प्रत ग्रंथालयाच्या ताब्यात असावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का, हे वर्षातून एकदा करून पाहावे. करार संपल्यावर किती दिवसांत, कुठल्या स्वरूपात माहिती परत मिळणार आणि कंपनी विकली गेली तर काय, हे लिहून घ्यावे. माणसे घेतलीच तर वेतन आणि निर्वाहनिधीच्या पावत्या पाहिल्याशिवाय एजन्सीचे बिल मंजूर करू नये, आणि एजन्सी बदलली तरी काम जाणणारी माणसे टिकतील अशी अट घालावी.

यातले एकही कलम प्राचार्यांच्या कार्यालयातला लिपिक किंवा कार्यभार सांभाळणारा प्राध्यापक आपणहून लिहू शकणार नाही. त्याला ‘पाहा’ नोंद म्हणजे काय हे माहीत नसते आणि माहीत असावे अशी अपेक्षाही नाही. ते जाणणाऱ्या माणसाचीच जागा आज सर्वांत जास्त ठिकाणी रिकामी आहे. राइट स्टेटने विभाग बंद केला तेव्हा निर्णय घेणारे ग्रंथपाल तिथे होते, हवाईत तक्रार करणारे ग्रंथपाल होते, होरोव्हेनुआत काय हवे ते सांगणारे होते. आपल्या अनेक महाविद्यालयांत काम बाहेर जाण्याआधीच ते मोजणारा निघून गेलेला आहे. म्हणून शिक्षणसंस्थांच्या चालकांना आणि उच्च शिक्षण विभागाला एवढेच सांगणे आहे: निविदा काढायच्या तर जरूर काढा, पण पहिली जाहिरात पूर्णवेळ ग्रंथपालाच्या पदाची द्या. बाकीच्या निविदा तो लिहील, आणि आलेली रासही तोच मोजून घेईल.